चार ऑनलाइन कार्यशाळा झाल्या. या क्विल्टमध्ये माझे असे काय आहे?

जुनेर (टिळकवाडी, बेळगाव) :

नमस्कार. मॉडर्न क्विल्टिंग (कापडाचे तुकडे जोडून, थर लावून पांघरूण शिवण्याची नवी पद्धत) शिकणाऱ्यांकडून, आणि त्याहूनही अधिक लहानपणापासून वाकळ पांघरत आलेल्यांकडून, मला एका अडचणीबाबत मत हवे आहे.

गेल्या दीड वर्षात मी चार ऑनलाइन कार्यशाळा केल्या. त्यांतल्या दोन अमेरिकेतल्या शिक्षिकांच्या होत्या. तिकडे पश्चिम किनाऱ्यावर सकाळी १० वाजता वर्ग सुरू झाला की हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे ११.३० झालेले असतात. त्यामुळे घरातले सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी इस्त्री आणि मांडीवर चिंध्यांचा ढीग अशी माझी शाळा भरत असे. तिसरी कार्यशाळा इंग्लंडमधली, दुपारची, आणि चौथी बंगळूरहून झाली. शिकवण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पाव इंचाची शिवण, मोकळी सोडलेली मोठी जागा, एका बाजूला कललेली मांडणी, मोजपट्टी दूर ठेवून अंदाजाने कापलेले तुकडे एकमेकांना जोडणे, हे सारे मी शिकले आणि बऱ्यापैकी जमलेही.

मागच्या महिन्यात मात्र मी चारही नमुने एकत्र पलंगावर पसरले आणि माझे मन खट्टू झाले. पहिला नमुना पहिल्या बाईंचा वाटतो, दुसरा दुसऱ्या बाईंचा. करड्या कापडावर मोहरीच्या रंगाचे चौकोन मी का ठेवले, याचे माझ्याकडे एकच उत्तर आहे : त्यांनी ठेवले होते म्हणून. सासूबाई दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चार घरच्या वाकळा एकाच पलंगावर कशाला घातलीस गं?"

प्रत्येक कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी 'आता स्वतःची शैली शोधा' असे सांगितले जाते. ती शोधायची म्हणजे नेमके काय करायचे, हे सांगेपर्यंत वेळ संपलेला असतो. आता एक पाचवी कार्यशाळा समोर आली आहे, तिचा विषयच 'आपली शैली' असा आहे. ती करावी, की काही काळ सगळे थांबवून घरीच शिवत बसावे?

दोन सूत (निपाणी) :

ताई, मी शिंपी आहे. चाळीस वर्षे शर्ट-पँट शिवून आता दुकान मुलाच्या हाती दिले आहे, आणि मशीनवरून उठवत नाही म्हणून गेली तीन वर्षे ऑनलाइन वर्ग पाहून क्विल्ट शिवतो.

शैलीचे नंतर बोलू. आधी पाव इंचाकडे पाहा. आमच्याकडे एका इंचाचे आठ सूत, म्हणजे तुमचा पाव इंच हा आमचा दोन सुतांचा. एका ओळीत बारा चौकोन असतील तर अकरा शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत दोन्ही कापडांकडून अर्धे-अर्धे सूत जास्त गेले, तरी ती ओळ अकरा सूत, म्हणजे सव्वा इंचाहूनही अधिक, आखडते. शेजारची ओळ बरोबर शिवलेली असेल तर जोडताना झोळ येणारच, आणि मग माणूस म्हणतो, 'असू दे, हीच माझी शैली.' ती शैली नव्हे, ती चूक आहे. पायमशीनवर सुईपासून मोजून दोन सूत अंतरावर चिकटपट्टी लावून ठेवावी आणि कापडाची कड तिला लावून चालवावी. मशीनचा वेगळा फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग, विकत घ्यायची गरज पडत नाही.

हात बसल्यावर मात्र दुसरी गोष्ट सुरू होते. एकाच माणसाचे, एकाच मापाचे शर्ट दोन शिंप्यांकडे टाकले तरी कॉलर सारखी येत नाही. एकाची टोके जरा लांब जातात, एकाची जरा आत वळतात. त्याला विचारले तर तो सांगू शकत नाही, कारण ते त्याने ठरवलेले नसते. माझे म्हणणे असे, की तुम्ही शिवून १२ इंच भरणारा, म्हणजे कापताना साडेबारा इंचांचा, एकच चौकोन दहा वेळा करावा. वेगवेगळ्या दिवशी करावा, समोर कोणाचाही नमुना न ठेवता करावा आणि दहाही पूर्ण होईपर्यंत आधीचे काढून पाहू नयेत. पाचवी कार्यशाळा त्यानंतर.

चिक्कोडीकर :

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आमच्या आजीने जन्मभर वाकळा शिवल्या. तिला शैली शोधावी लागली नाही, कार्यशाळेचे शुल्कही भरावे लागले नाही. घरात जे धडुते फाटले ते वाकळीत गेले. त्याच वाकळीला आता मॉडर्न म्हणायचे आणि अमेरिकेतून शिकायचे, यातले प्रयोजन मला खरोखरच कळलेले नाही.

जुनेर :

राग मुळीच नाही, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे. पण आजींपुढे निवड नव्हती. घरातली चार लुगडी आणि दोन धोतरे एवढेच त्यांचे रंग होते, आणि म्हणून त्यांची वाकळ त्यांच्याच घरची दिसत होती. माझ्यापुढे मोबाइलवर सतराशे साठ रंगांची कापडे आहेत आणि ती कोणाच्याही घरची नाहीत.

'दोन सूत' काका, चिकटपट्टी आजच लावली. दहा चौकोनही करून पाहते.

मलप्रभाकाठ (खानापूर) :

चिक्कोडीकरांचा प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर 'वाकळ आणि मॉडर्न क्विल्ट एकच' असे देता येणार नाही.

अमेरिकेत मॉडर्न क्विल्ट गिल्ड ही संस्था २००९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली आणि तिचे पहिले मोठे प्रदर्शन, क्विल्टकॉन, २०१३ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला भरले. म्हणजे 'मॉडर्न' हे नाव घेऊन लोक एकत्र आले त्याला फार वर्षे झालेली नाहीत. मात्र ज्या गोष्टी आज कार्यशाळांत शिकवल्या जातात, म्हणजे अंदाजाने कापणे, रेषा किंचित वाकडी राहू देणे, मोठे सपाट रंग वापरणे, त्या अलाबामातल्या जीज बेंड या नदीच्या वळणावरच्या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायका कित्येक पिढ्या करत आल्या होत्या. शेतात घालून विटलेल्या डेनिमच्या पँटी हे त्यांचे कापड. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांच्या क्विल्ट भिंतीवर लागल्या, नंतर त्या न्यू यॉर्कला गेल्या, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटे काढली. तेव्हा तुमच्या अमेरिकेतल्या बाईंनी जे शिकवले, त्याच्या मुळाशीही कुणाची तरी आजीच आहे.

आता आपल्याकडचे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत आणि आमच्या खानापूरच्या जंगलपट्ट्यातही सिद्दी समाजाची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आले. त्यांच्या बायका चिंध्यांची जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. आमच्या घरी माझ्या मुलाच्या वेळची एक कवंदी आहे. ती शिवताना मी शेजारी बसून पाहिली होती, आणि त्या दिवशी जे कळले ते मला कुठल्याही ऑनलाइन वर्गात कळले नव्हते.

खाली एक साडी पसरतात. शिवण सुरू होते ती एका कोपऱ्यापासून. कडेकडेने तुकडे ठेवत, त्यांच्या कडा आत दुमडत, धावदोऱ्याने शिवत चारही बाजू फिरायच्या आणि मग आतली फेरी, त्याच्या आतली फेरी, असे करत मध्यभागी येऊन थांबायचे. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंधीची छोटी फुले बसवतात. त्यांच्याशिवाय कवंदी उघडी वाटते, असे त्या मानतात. आधी काढलेले चित्र नसते. पुढचा तुकडा कोणता, हे आताच शिवलेल्या तुकड्याकडे पाहून ठरते.

जीज बेंडमध्ये 'हाउसटॉप' नावाचा एक प्रकार आहे. त्यात मध्ये एक चौकोन ठेवून त्याच्या चारही बाजूंनी पट्ट्या जोडत बाहेर जायचे असते. म्हणजे तिथे आतून बाहेर, इथे बाहेरून आत. दोन्हींमध्ये पट्ट्या आणि चौकोनच आहेत, तरीही दुरून पाहिले तरी त्या वेगळ्या कळतात. कार्यशाळांत तिसरीच रीत असते : आधी ठोकळे (तुकडे जोडून केलेले चौकोन), मग त्यांची जोडणी, मग थर लावून टाके, आणि कड सर्वांत शेवटी. माझे मत असे बनले आहे की शैली ही रंगांच्या निवडीत जेवढी असते, त्यापेक्षा आपण शिवायला कुठून सुरुवात करतो यात अधिक असते. ताई, तुमच्या चारही नमुन्यांत सुरुवात शिक्षिकेने सांगितली तिथून झाली आहे.

एक सूचना मात्र आवर्जून करते. कवंदीची रीत शिकून तुमच्या हाताने काय होते ते जरूर पाहा, पण कोपऱ्यांवर फुले लावून ती 'माझी शैली' म्हणून विकायला ठेवू नका. ती एका समाजाची ओळख आहे. कार्यशाळेतल्या शिक्षिकेचा नमुना आपला म्हणून दाखवणे जितके खटकते, तितकेच हेही खटकायला हवे.

ताणाबाणा (वडगाव) :

मी विणकर घरातला आहे. शिवणकामातले मला फारसे कळत नाही, त्यामुळे कापडापुरतेच लिहितो.

ऑनलाइन मागवलेल्या कापडांच्या गड्ड्या कोणीतरी आधीच एकमेकांना शोभतील अशा लावून दिलेल्या असतात. रंग निवडण्याचे अर्धे काम तिथेच दुसऱ्याने करून टाकलेले असते, आणि मग सगळ्यांच्या क्विल्ट बहिणी-बहिणी दिसतात. घरातले कपाट उघडा. इरकल असेल तर उत्तमच. पण ती वापरताना तीन गोष्टी पाळा. पहिली, अंगाचे कापड सुती आणि पदर बहुधा रेशमी असतो, त्यामुळे दोन्ही धुतल्यावर सारखे आकसत नाहीत. दुसरी, अंगाचे आणि पदराचे उभे धागे वेगळे असतात आणि ते फासांनी एकमेकांत अडकवून जोडलेले असतात, तेव्हा त्या जोडावरचा तुकडा क्विल्टमध्ये घेऊ नका. तिसरी, लाल पदर कितीही जुना असला तरी पांढऱ्या धोतराशेजारी शिवण्यापूर्वी मीठ घातलेल्या पाण्यात रात्रभर वेगळा भिजवून पाहा. मीठ रंग बांधत नाही, तसा समज करून घेऊ नका. पाण्यात किती रंग उतरतो तेवढे पाहायचे. पाणी स्वच्छ येईपर्यंत तो धूत राहावे.

गुळेदगुड्डचा खणही छान दिसतो, पण त्याची नक्षी बारीक असते. खणाचे पुष्कळ तुकडे शेजारी-शेजारी आले की लांबून सगळे एकच धूसर रंगाचे दिसते. एक तुकडा आणि त्याच्या चारही बाजूंना सपाट कापड, एवढे पुरे. कोणता रंग उठेल याची खात्री नसेल तर मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. डोळ्यांना लाल आणि हिरवा वेगळे वाटतात, फोटोत ते अनेकदा एकाच करड्या छटेचे निघतात आणि रचना का बसली नाही ते लगेच कळते.

चिक्कोडीकर :

कवंदीची माहिती मला नव्हती. हल्याळला माझी बहीण दिली आहे, आणि तिच्या घरी खाटेवर मी तेच पाहिले असणार; आम्ही त्याला वाकळच समजत होतो. माझा आक्षेप निम्मा मागे घेतो.

जुनेर :

सुमारे अडीच महिन्यांनी लिहिते आहे. काकांनी दहा चौकोन सांगितले होते, माझे सातच झाले.

मागवलेली गड्डी मी बाजूला ठेवली. सासूबाईंची एक हिरवी इरकल, सासऱ्यांची दोन धोतरे आणि माझा एक काळपट निळा परकर एवढ्यावर भागवले. पहिल्या दिवशी कापायची मॅट आणि रोटरी कटर (फिरत्या पात्याचा कटर) काढून बसले, तेव्हा सासूबाईंनी साडी माझ्या हातातून घेतली. काठाजवळ कात्रीने अर्ध्या बोटाएवढा छेद दिला, दोन्ही हातांच्या मुठीत कापड धरले आणि टर्रकन एका दमात शेवटपर्यंत फाडले. पट्टी चार बोटांची निघाली. त्या पुन्हा पुन्हा फाडत गेल्या आणि प्रत्येक पट्टी चारच बोटांची निघत गेली. टेप लावून पाहिली तेव्हा फरक एखाद्या सुताचा होता. फाडलेले कापड उभ्या धाग्याच्या रेषेत जाते, त्यामुळे ते माझ्या कटरपेक्षा सरळ होते. फक्त कडेला तीन-चार धागे सुटतात आणि कड थोडी वळते. म्हणून इस्त्री करून मी शिवण दोनऐवजी तीन सुतांची घेऊ लागले. काका, चिकटपट्टी एक सूत सरकवली आहे, चूक म्हणू नये.

सातवा चौकोन झाल्यावर सगळे काढून मांडले. सातांपैकी सहांमध्ये डावीकडे एक अरुंद, गडद पट्टी होती. वरपासून खालपर्यंत, मध्ये कुठेही जोड नसलेली. ती मी ठरवून लावली नव्हती. मग मला काहीतरी आठवले आणि मी कार्यशाळेतले ते चार नमुने पुन्हा पलंगावर आणले. तिघांमध्ये तीच पट्टी होती! इंग्लंडच्या बाईंनी तर त्या वेळी सांगितलेही होते की ती पट्टी मध्याकडे सरकवली तर तोल बरा राहील, आणि मी मान डोलावून ती तिथेच ठेवली होती. दीड वर्ष ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी पाहत होते ते मोहरीचे चौकोन.

सासूबाईंना दाखवले. त्यांना त्यात नवल वाटले नाही. "काठ हाय की तो," एवढेच म्हणाल्या. कपाटात घडी करून ठेवलेल्या साड्या समोरून जशा दिसतात तसाच तो आहे : मोठे सपाट अंग आणि एका कडेला गडद काठ.

आता मोठी क्विल्ट घेतली आहे, साधारण साठ इंच रुंद. वाडिंग (क्विल्टच्या आत घालायचा जाड, मऊ थर) न घालता आत धोतराचे दोन थर लावले आहेत. टाके वाकळीसारखे धावदोऱ्याचे, दोन ओळींमध्ये एका बोटाचे अंतर, दुपदरी पांढरा दोरा, सुईवर पाच टाके घेऊन मगच ओढायचा. ओळी पट्ट्यांच्या जोडांप्रमाणे जात नाहीत, आडव्या सरळ जातात आणि काठापाशी येऊन वळतात. गाठ आतल्या थरात ओढून लपवावी असे कार्यशाळेत शिकवले होते, पण वाडिंगच नसल्याने ती लपत नाही. लपवायचा नाद सोडून मी सगळ्या गाठी काठावरच दिल्या. गडद कापडावर पांढऱ्या ठिपक्यांची एक उभी रांग झाली आहे, आणि खरे सांगायचे तर संपूर्ण क्विल्टमध्ये मला तीच सर्वांत जास्त आवडते.

पाचवी कार्यशाळाही केली. या वेळी बाईंचा नमुना केला नाही, हीच क्विल्ट घेऊन बसले आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, की मध्ये फुगवटा येतो त्याचे काय करू. त्यांनी टाके मध्यभागापासून बाहेर घालत जायला सांगितले. त्यावर मला शंका आली, की मग कवंदी बाहेरून आत कशी जाते?

मलप्रभाकाठ :

कवंदीत वरचे कापड आधीपासून जोडलेले नसते. एकेक तुकडा तिथल्या तिथे सपाट करून शिवला जातो, त्यामुळे ढिलेपणा साचायला जागाच मिळत नाही. तुमची वरची बाजू अगोदरच एकसंध शिवलेली आहे. कडा आधी पक्क्या केल्या तर जास्तीचे कापड मध्ये अडकून बसेल. त्यामुळे बाईंचा सल्ला तुमच्या क्विल्टला बरोबर आहे. मध्यातून सुरू करा, आणि त्याआधी कच्चे टाके एकेका वितीवर घाला.

तुमच्या सासूबाईंनी फाडलेल्या पट्टीचा फोटो इथे टाकता आला तर पाहायला आवडेल.

दोन सूत :

तीन सूत फाडलेल्या कापडाला योग्यच आहे. फाडलेल्या कडेचे धागे दोन सुतांत धरत नाहीत, धुतल्यावर शिवण उसवते.

जुनेर :

धन्यवाद. आता एकच प्रश्न उरला आहे. चारही बाजूंना उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीचा गोट लावायची पद्धत शिकले आहे, पण काठाच्या बाजूला गोट आला की काठ आत सरकल्यासारखा दिसतो आणि कड दुसऱ्याच रंगाची होते. गोट काठाच्याच निळ्या कापडाचा लावू का?

दोन सूत :

निळ्याला निळा लावला तरी जोडाची रेघ दिसणारच. त्या बाजूला गोटच लावू नका. काठाची पट्टी रुंद असेल तर तीच दोन बोटे मागे वळवून आस्तरावर हाताने टाके घाला; उरलेल्या तीन बाजूंना आस्तर पुढे आणून दुमडा, वाकळीला करतात तसे. उरेब पट्टी गोलाईसाठी असते, तुमच्या कडा सरळ आहेत. मात्र वळवण्यापूर्वी काठावरच्या गाठी कुठे येतात ते पाहून घ्या, नाहीतर त्या मागे जातील.

जुनेर :

पट्टी साडेतीन बोटांची आहे. दोन बोटे वळवली तर गाठींची रांग बरोबर घडीवर येते, म्हणून एकच बोट वळवते. सासूबाई म्हणतात तेवढे पुरेल.